ध्वजावरील ‘वंदे मातरम्’: घोषवाक्याचा उगम आणि बदलते लेखन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘वंदे मातरम्’ हे शब्द नेमक्या कोणत्या ध्वजांवर होते?

आजच्या तिरंग्यावर कोणतीही अक्षरे नसल्यामुळे हा प्रश्न बहुतेकांना थोडा चमत्कारिक वाटतो. परंतु १९०५ ते १९०७ या काळात, म्हणजे राष्ट्रध्वजाची कल्पना नुकतीच आकार घेत होती तेव्हा, जे तीन ध्वज विशेष गाजले त्या तिन्हींवर हे दोन शब्द होते. पहिला भगिनी निवेदितांचा. त्यावर मध्यभागी वज्र होते, कडेने १०८ ज्योती होत्या आणि वज्राच्या एका बाजूला ‘वन्दे’ व दुसऱ्या बाजूला ‘मातरम्’ असे शब्द बंगाली लिपीत होते. या ध्वजाचा पहिला नमुना लाल कापडावर काळ्या वज्राचा होता. तो लोकांच्या मनास येत नाही हे पाहून निवेदितांनी काळ्याऐवजी पिवळा रंग घेतला. १९०६ च्या कोलकाता काँग्रेसच्या वेळी हा ध्वज लोकांसमोर मांडला गेला.

दुसरा ध्वज कोलकात्याच्या पारशी बागान चौकात ७ ऑगस्ट १९०६ रोजी फडकवला गेला. बरोबर एक वर्षापूर्वी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी, कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला होता, त्याचा हा वाढदिवस. तीन आडवे पट्टे, एकावर आठ कमळे, एकावर सूर्य आणि चंद्रकोर, आणि मधल्या पिवळ्या पट्ट्यावर देवनागरीत घोषवाक्य, अशी त्याची मांडणी होती. शचींद्रप्रसाद बोस आणि सुकुमार मित्र यांची नावे या ध्वजाशी जोडली जातात.

तिसरा सर्वांत प्रसिद्ध. मुंबईच्या पारशी कुटुंबात जन्मलेल्या मादाम भिकाजी कामा यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत तो उलगडला आणि जमलेल्या प्रतिनिधींना त्याला वंदन करण्याचे आवाहन केले. सरदारसिंह राणा त्यांच्याबरोबर होते. या ध्वजाच्या रचनेत विनायक दामोदर सावरकर व श्यामजी कृष्णवर्मा यांचाही सहभाग सांगितला जातो, तर काही ठिकाणी हेमचंद्र दास कानूनगो यांचे नाव घेतले जाते.

हे वाक्य ध्वजासाठीच रचले गेले होते का?

नाही. ते आधी गीत होते, मग घोषणा झाले आणि सर्वांत शेवटी कापडावर आले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी हे गीत १८७० च्या दशकात रचले. रचनेची तारीख म्हणून ७ नोव्हेंबर १८७५ सांगितली जाते. पुढे ते ‘आनंदमठ’ कादंबरीत आले, आणि ती १८८२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. १८९६ च्या कोलकाता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी ते गायिले. तोवर ते गीतच होते.

गीताची घोषणा झाली ती वंगभंगाच्या चळवळीत. १६ ऑक्टोबर १९०५ पासून फाळणी अमलात आली आणि सभांतून, मिरवणुकांतून, शाळा-कॉलेजांतून गीताचे पहिले दोन शब्द तेवढे वेगळे निघून ऐकू येऊ लागले. पूर्व बंगालच्या सरकारने सार्वजनिक जागी ही घोषणा देण्यास बंदी केली आणि एप्रिल १९०६ मध्ये बारिसाल येथील प्रांतिक परिषदेच्या वेळी घोषणा देणाऱ्यांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. चार महिन्यांनी तेच शब्द पारशी बागानातल्या कापडावर होते. जे तोंडाने म्हणायला बंदी होती ते कापडावर लिहून उंच धरले गेले, हा क्रम लक्षात घेतला की ध्वजावर चित्रांच्या जोडीला अक्षरे का हवी होती हे निराळे सांगावे लागत नाही.

या दोन शब्दांचा व्याकरणदृष्ट्या अर्थ काय?

‘वन्दे’ हे क्रियापद आहे. वंदन करणे या अर्थाच्या आत्मनेपदी धातूचे वर्तमानकाळी प्रथमपुरुषी (संस्कृत परिभाषेत उत्तमपुरुषी) एकवचन. ‘मी’ हा कर्ता क्रियापदाच्या रूपातच आलेला असल्याने वेगळा लिहावा लागत नाही. ‘मातरम्’ हे ‘मातृ’ शब्दाचे द्वितीया एकवचन, म्हणजे ‘मातेला’. एकूण अर्थ, ‘मी मातेला वंदन करतो’ किंवा ‘करते’. संस्कृत क्रियापदाला लिंग नसल्याने हे वाक्य पुरुषाने म्हटले काय किंवा स्त्रीने म्हटले काय, तसेच राहते. अनेक मराठी पुस्तकांत ‘हे माते, तुला वंदन’ असा अर्थ दिलेला असतो. भावार्थ म्हणून तो चालेल; परंतु ‘मातरम्’ हे संबोधन नाही, संबोधन ‘मातः’ असे झाले असते.

बंगाली माणसे ‘बन्दे मातरम्’ का म्हणतात? ते अशुद्ध आहे का?

अशुद्ध नाही; तो उच्चाराचा आणि लिपीचा प्रश्न आहे. बंगाली भाषेत ‘व’ आणि ‘ब’ हे दोन वेगळे वर्ण उरलेले नाहीत. वर्णमालेत दोघांच्या जागा वेगळ्या असल्या तरी अक्षराचा आकार एकच आहे आणि त्याचा उच्चार ‘ब’ होतो. आपण ज्यांना वंग म्हणतो ते स्वतःला बंग म्हणतात, आपला विवेक त्यांचा बिबेक होतो. त्याशिवाय बंगालीतला ‘अ’ ओठ गोल करून, ‘ओ’कडे झुकवून उच्चारला जातो, त्यामुळे मूळ बंगाली उच्चार कानाला साधारण ‘बोन्दे मातोरोम्’ असा लागतो. बंकिमचंद्रांनी स्वतः लिहिलेले अक्षर आपण ‘वन्दे’ म्हणून वाचायचे की ‘बन्दे’ म्हणून, हे म्हणूनच वाचणाऱ्याच्या भाषेवर ठरते.

देवनागरीत मात्र या दोन अक्षरांत पोटातल्या एका रेघेचा फरक आहे, आणि तो अर्थ बदलणारा आहे. हिंदी-उर्दू ऐकणाऱ्या कानाला ‘बंदे’ म्हणजे फारसी ‘बंदा’चे, म्हणजे सेवकाचे, अनेकवचन किंवा संबोधन वाटते. मराठीतही ‘बंदा’ सेवक आहेच, शिवाय ‘बंदा रुपया’ आहे. देवनागरीत लिहिताना संस्कृत मुळाला धरून ‘व’ लिहिणे हेच योग्य. बंगाली लिपीतल्या मजकुराचे लिप्यंतर करताना उच्चार दाखवायचा असेल तरच ‘ब’ वापरावा.

मग जुन्या इंग्रजी कागदपत्रांत पहिले अक्षर ‘बी’ का दिसते?

कारण ते कागद बहुतांशी बंगालमध्ये लिहिले गेले आणि लिहिणाऱ्यांनी जसे ऐकले तसे लिहिले. बिपिनचंद्र पाल यांनी ऑगस्ट १९०६ मध्ये कोलकात्यात काढलेले आणि पुढे अरविंद घोष यांच्या लेखणीने गाजलेले इंग्रजी दैनिक रोमन लिपीत ‘बी’ अक्षरानेच सुरू होते. मादाम कामांनी १९०९ पासून युरोपातून चालवलेल्या पत्राचे नावही तसेच, ‘बंदे मातरम्’. येथे थोडे थांबण्यासारखे आहे. स्टुटगार्टच्या ध्वजावर ज्यांनी देवनागरीतला ‘व’ मिरवला, त्यांच्याच पत्राच्या मथळ्यावर दोन वर्षांनी रोमन ‘बी’ आला, आणि यात कोणाला विसंगती वाटली नाही. देवनागरीत संस्कृत लिहायचे, रोमनमध्ये चळवळीतले रूढ नाव लिहायचे, असे ते दोन स्वतंत्र संकेत होते. लाला लजपतराय यांनी १९२० मध्ये लाहोरहून काढलेले उर्दू दैनिकही ‘बंदे मातरम्’च. उलट मुंबईत शामळदास गांधींनी चालवलेले गुजराती पत्र ‘वंदे मातरम्’ होते, कारण गुजरातीत ‘व’ आणि ‘ब’ मराठीसारखेच स्वतंत्र आहेत. रोमन लिपीत ‘व्ही’ने सुरू होणारे लेखन पुढे सर्वमान्य झाले आणि आज ‘बी’ जुन्या बंगाली संदर्भांपुरता उरला आहे.

कोलकात्याच्या ध्वजावर बंगालीऐवजी देवनागरी लिपी का निवडली गेली?

बंगालमध्ये संस्कृतसुद्धा बंगाली लिपीत छापण्याची जुनी रीत होती, त्यामुळे हा प्रश्न अगदी रास्त आहे. निवेदितांच्या ध्वजावर बंगाली अक्षरे होती आणि जवळपास त्याच काळातल्या कोलकात्याच्या ध्वजावर देवनागरी. या दोहोंमधला फरक माझ्या मते ध्वज कोणाला दाखवायचा या विचारातला आहे: बंगालच्या चळवळीने आपला ध्वज साऱ्या हिंदुस्थानाचा म्हणून मांडायचा ठरवले.

त्या वर्षांची हवाही तशीच होती. कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शारदाचरण मित्र यांनी १९०५ मध्ये एकलिपि विस्तार परिषद स्थापन केली. हिंदुस्थानातील सर्व भाषा देवनागरीत लिहिल्या जाव्यात हा तिचा हेतू होता आणि १९०७ पासून तिचे ‘देवनागर’ हे मासिक निघू लागले. डिसेंबर १९०५ मध्ये बनारस येथे नागरी प्रचारिणी सभेच्या व्यासपीठावरून लोकमान्य टिळकांनीही समाईक लिपी म्हणून देवनागरीचा पुरस्कार केला. ध्वज करणाऱ्यांनी या भाषणामुळेच देवनागरी घेतली असे म्हणणे ताणलेले होईल; पण बंगालमधल्या एका चौकात देवनागरी अक्षरे कापडावर चढतात ती अशा वातावरणातच.

‘वन्दे’ लिहावे की ‘वंदे’?

सर्वाधिक वाद याच प्रश्नावर होतो आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात.

संस्कृत लेखनाच्या काटेकोर नियमाने ‘वन्दे’ हे रूप ग्राह्य आहे. शब्दाच्या पोटातल्या अनुस्वारापुढे द आला तर त्याच्या जागी त्याच वर्गातला अनुनासिक, म्हणजे न्, येतो; ‘अनुस्वारस्य ययि परसवर्णः’ हे पाणिनीचे सूत्र हेच सांगते. गंमत अशी, की पाणिनीच्या प्रक्रियेतसुद्धा हा शब्द अनुस्वाराच्या पायरीवरून जातो. धातुपाठात मूळ धातू ‘वदि’ असा दिला आहे. त्यातला इकार ही खूण असल्याने त्याला नुम् आगम होतो, म्हणजे मध्ये एक न् येतो, आणि ‘वन्द्’ बनतो. मग त्या न् चा अनुस्वार होतो आणि परसवर्णाने त्याचा पुन्हा न् होतो. डोक्यावरचा टिंब आणि अर्धा न या एकाच वाटेवरच्या दोन पायऱ्या आहेत. म्हणून कोणी ‘वंदे’ लिहिले म्हणजे भाषेचा खून झाला असे मानण्याचे कारण नाही.

मराठीत तर नियम स्पष्टच आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार स्पष्टोच्चारित अनुनासिकाबद्दल शीर्षबिंदू द्यावा, आणि तत्सम शब्दांत विकल्पाने परसवर्ण लिहिण्यास हरकत नाही. म्हणजे मराठी मजकुरात ‘वंदे’ हे नेहमीचे रूप आणि ‘वन्दे’ हा चालणारा पर्याय. बंगालीत मात्र असा विकल्पच नाही. तेथे अनुस्वाराचा उच्चार ‘ङ्’ असा होतो, त्यामुळे टिंब देऊन लिहिलेला शब्द बंगाली वाचक ‘बोङ्दे’ असा काहीतरी वाचील. बंगाली लेखकाच्या हातून न आणि द यांचे जोडाक्षरच उतरणार, आणि बंगालमधून आलेल्या घोषवाक्याला देवनागरीत ‘वन्दे’ हे जोडाक्षरी रूप चिकटले याला संस्कृताइतकीच बंगाली हाताची सवयही कारण असावी, असे मला वाटते.

‘मातरम्’, ‘मातरम’ की ‘मातरं’?

या तिघांत मात्र सगळे सारखे नाहीत.

संस्कृतात वाक्याच्या शेवटी येणारा म् तसाच राहतो. पुढे व्यंजनाने सुरू होणारा शब्द आला तरच ‘मोऽनुस्वारः’ या सूत्राने त्याचा अनुस्वार होतो. याचा उत्तम नमुना गीताच्या पहिल्याच कडव्यात आहे: ‘सुजलां सुफलां मलयजशीतलाम्, शस्यश्यामलां मातरम्’. चारही विशेषणे आणि नाम, सगळ्यांचा शेवट मुळात म् चाच. ‘सुजलां’पुढे स आहे, ‘सुफलां’पुढे म आहे, म्हणून तेथे टिंब, ‘शीतलाम्’पाशी ओळ थांबते म्हणून तेथे म्, ‘श्यामलां’पुढे पुन्हा म, म्हणून टिंब, आणि ‘मातरम्’पाशी पुन्हा विराम. ध्वजावर हे दोन शब्द एकटेच आहेत, त्यांच्यापुढे काहीच नाही, म्हणून तेथे पाय मोडलेला म् हवा. ‘मातरं’ हे रूप वाक्याच्या मध्ये, व्यंजनापूर्वी चालेल; घोषवाक्याच्या शेवटी नाही.

‘मातरम’ या रूपाची गोष्ट निराळी आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण उच्चारत नाही. ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. त्यामुळे ‘मातरम’ असे लिहिले तरी मराठी माणूस ते ‘मातरम्’ असेच वाचतो, कानाला काही खटकत नाही, आणि पाय मोडायचा राहिला हे डोळ्यालाही दिसत नाही. त्यात आपल्या नियमांनी आणखी एक सवय लावली आहे. क्वचित्, कदाचित्, अर्थात्, विद्वान् असे मराठीत रूढ झालेले शब्द आता अकारान्त, म्हणजे क्वचित, कदाचित, अर्थात, विद्वान असे लिहावेत, असा नियम आहे आणि तो सोयीचाही आहे. मुद्रितशोधन करताना ‘मातरम’ खपवून घेणारे बहुतेक जण याच नियमाचा आधार देतात. परंतु ‘मातरम्’ हा मराठीत रूढ झालेला शब्द नव्हे. आपण ‘मातरमाला नमस्कार’ असे कधी म्हणत नाही. ते आख्ख्या संस्कृत वाक्याचा शेवटचा शब्द आहे आणि आपण ते वाक्य उद्धृत करतो. ‘सत्यं शिवं सुन्दरम्’ लिहिताना जो पाय आपण मोडतो, तोच येथेही मोडायला हवा.

एका शाळेच्या आवारातील भिंतीवर रंगाऱ्याने ‘वंदे मातरमं’ असे रंगवलेले मी पाहिले आहे. बहुधा कोणीतरी त्याला ‘म वर काहीतरी राहिले आहे’ असे सांगितले असावे. हलन्ताची खूण खाली द्यायची असते, वर नाही, एवढे सांगायचे राहिले.

गाताना हा फरक उघड होतो. ‘मातरम्’ची अवयवशः फोड मा–त–रम् अशी तीन अक्षरांची आहे, ‘मातरम’ पूर्ण उच्चारले तर मा–त–र–म अशी चार होतात. सभेत एकजण ‘वंदे’ म्हणतो आणि सगळे ‘मातरम्’ म्हणतात, तेव्हा सगळ्यांचे ओठ म् वर मिटतात. ते मिटलेले ओठ म्हणजेच पाय मोडलेला म्.

दोन शब्द जोडून ‘वन्देमातरम्’ असे लिहावे का?

क्रियापद आणि त्याचे कर्म ही दोन स्वतंत्र पदे आहेत, त्यांचा समास होत नाही, म्हणून ती सुटी लिहावीत. जुन्या हस्तलिखितांत व काही छापील संस्कृत पुस्तकांत शब्द सलग लिहिण्याची रीत असल्यामुळे जोडलेले रूप दिसते आणि त्याला चूक म्हणता येत नाही. विशेषनाम झाले की मात्र जोडलेले रूप स्वाभाविक वाटते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात हे गीत म्हणण्याच्या हक्कासाठी जी चळवळ केली, तिच्यातील रामचंद्रराव यांच्या नावामागे ‘वंदेमातरम्’ ही उपाधीच लागली. त्या चळवळीची झळ मराठवाड्यातही पोहोचली आणि विद्यापीठातून काढले गेलेले अनेक विद्यार्थी शिक्षणासाठी नागपूरला आले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक.

इतर भारतीय भाषांत हे वाक्य कसे लिहितात?

तमिळ लिपीत त आणि द यांना एकच अक्षर आहे आणि दोन स्वरांच्या मध्ये आले की त्याचा उच्चार द कडे झुकतो, त्यामुळे तमिळ तोंडी ‘वन्दे मादरम्’ असे ऐकू येते. गुजरातीत मराठीसारखेच शीर्षबिंदू देऊन लिहितात. हिंदीत शेवटचा हलन्त सोडून देण्याची प्रवृत्ती मराठीपेक्षाही अधिक आहे.

घोषवाक्याबरोबर गीताचे शब्दही बदलले का?

ध्वजावर आलेले दोन शब्द बदलले नाहीत, पण पुढच्या कडव्यात एक महत्त्वाचा बदल झाला. बंकिमचंद्रांनी ‘सप्तकोटि’ लिहिले होते, म्हणजे तेव्हाच्या बंगालची सात कोटी माणसे. गीत साऱ्या देशाचे झाले तसे त्या जागी ‘त्रिंशत्कोटि’ आले आणि नंतर आकड्याची कटकटच नको म्हणून ‘कोटि-कोटि’. १९३७ मध्ये काँग्रेस कार्यसमितीने सभांतून पहिली दोनच कडवी गावीत असे ठरवल्यावर हा आकड्यांचा भाग राष्ट्रीय व्यासपीठावरून जवळपास दिसेनासा झाला. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत या गीताला ‘जन गण मन’च्या बरोबरीचा मान राहील असे जाहीर केले.

मादाम कामांचा ध्वज आज कोठे आहे आणि त्याची चित्रे एकमेकांशी का जुळत नाहीत?

तो पुण्यात आहे. इंदुलाल याज्ञिक यांनी तो ब्रिटिश अंमल असतानाच गुपचूप हिंदुस्थानात आणला आणि नारायण पेठेतील केसरीवाड्यात, केसरी-मराठा संस्थेच्या ग्रंथालयात, तो जतन केलेला आहे. हा वाडा म्हणजे पूर्वीचा गायकवाड वाडा. टिळकांनी तो १९०५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतला.

चित्रांतली तफावत मात्र खरोखरच बरीच आहे. काही वर्णनांत वरच्या पट्ट्यावर आठ कमळे आहेत आणि ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या आठ प्रांतांची खूण मानली जातात. सरकारी माहितीत मात्र या ध्वजावर एक कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे असे वर्णन येते. पट्ट्यांचा क्रम कोठे हिरवा-पिवळा-लाल, कोठे त्याच्या उलट. फडकवण्याची जागाही कोठे स्टुटगार्ट, कोठे पॅरिस, कोठे बर्लिन. परिषद स्टुटगार्टला १८ ते २४ ऑगस्ट १९०७ या दिवसांत भरली होती, एवढे तरी पक्के धरून चालावे. घोषवाक्याच्या बाबतीत तेच झाले आहे. आजच्या संगणकावर काढलेल्या चित्रांत ‘वन्दे’ही दिसते आणि ‘वंदे’ही, कारण चित्र काढणारा कापड पाहत नाही, आधीचे चित्र पाहतो, आणि अक्षरे त्याच्या यंत्रावर असलेल्या टंकात, त्याला सवय असलेल्या पद्धतीने उमटवतो. अशा चित्रावरून ‘मूळ ध्वजावर असेच लेखन होते’ असा निष्कर्ष काढू नये. पुण्यात असाल तर कापड समोर उभे राहून पाहावे.

तिरंग्यावर ‘वंदे मातरम्’ लिहिता येते का?

येत नाही. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आणि २००२ ची ध्वजसंहिता या दोहोंनुसार राष्ट्रध्वजावर कोणत्याही प्रकारचा मजकूर लिहिण्यास मनाई आहे. मजकूर कितीही पवित्र असला तरी. पंधरा ऑगस्टच्या सुमारास दुकानांत मिळणाऱ्या तिरंग्यांवर कधी कधी हे शब्द छापलेले असतात, ते घेऊ नयेत. ध्वजावरून अक्षरे जाण्याची प्रक्रिया याआधीच झाली होती: १९१७ च्या होमरूल ध्वजावर घोषवाक्य नव्हते, चरख्याच्या ध्वजावर नव्हते, आणि २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या ध्वजावर चक्र आहे, शब्द नाहीत. ‘सत्यमेव जयते’ हे बोधवाक्य राजमुद्रेखाली आहे, ध्वजावर नाही. अनेकजण येथे गल्लत करतात.

जुना मजकूर उद्धृत करताना कोणते लेखन ठेवावे?

मुळात जसे असेल तसे. १९०६ च्या पत्राचे नाव सांगायचे असेल तर ‘बंदे मातरम्’, निवेदितांच्या ध्वजाचे वर्णन असेल तर बंगाली लिपीतले शब्द असे स्पष्ट सांगून. स्वतःचे वाक्य लिहिताना मराठी नियमाने ‘वंदे मातरम्’. आपली पद्धत दुसऱ्याच्या कापडावर चढवू नये, आणि एकाच लेखात दोन्ही रूपे विनाकारण मिसळू नयेत.

संगणकावर किंवा मोबाइलवर ‘मातरम्’ला प्रत्यय लावताना अक्षरे बिघडतात, काय करावे?

हा प्रश्न लहान दिसतो, पण अहवाल आणि निमंत्रणपत्रिका लिहिणाऱ्यांना तो सर्वाधिक छळतो. खिळे जुळवण्याच्या काळात हलन्त म् चा खिळाच वेगळा असे, त्यामुळे पुढे काहीही आले तरी तो म् आपल्या जागी राही. युनिकोडमध्ये मात्र हलन्ताच्या खुणेपुढे लगेच व्यंजन आले की यंत्र ते जोडाक्षर समजते, आणि ‘मातरम्’ला ‘चा’ लावला की ‘मातरम्चा’ असे वाचायला अवघड चिकटलेले अक्षर तयार होते. कीबोर्डवर दोन अक्षरांना जोडू न देणारे अदृश्य चिन्ह असेल तर ते मध्ये टाकता येते. पण मजकूर एका प्रणालीतून दुसरीकडे नेताना ते कधी कधी गळून पडते. सर्वांत सोपा आणि टिकाऊ उपाय म्हणजे घोषवाक्य अवतरणचिन्हांत ठेवून प्रत्यय बाहेर लावणे: ‘वंदे मातरम्’चा घोष, ‘वंदे मातरम्’ने सुरुवात. शोध घेतानाही हे लक्षात ठेवावे, की जेथे अक्षरशः जुळणारा मजकूरच शोधला जातो अशा जुन्या सूचींत व धारिकांत ‘वन्दे’, ‘वंदे’, ‘बंदे’ आणि शेवटी म् व म, अशी सर्व रूपे वेगवेगळी टाकून पाहिल्याशिवाय शोध पुरा होत नाही.